आबांच्या राखेवरचं झाड आणि माझा श्वास

अन्याय झाला तो ऋतुजावर. वय तेवीस, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर. कधी झाला? भोगीच्या सकाळी, आई चुलीपुढं बाजरीच्या भाकरी थापत होती तेव्हा. कुठं झाला? स्वतःच्या घराच्या अंगणात, हातात खराटा असताना.

ऋतुजा म्हणजे मीच. कॉलेजच्या मुलींसाठी एसटी वेळेवर सोडा, रस्त्यावरचे खड्डे बुजवा, अशी पत्रकं लिहून लिहून हाताला हीच सवय लागलीय. कोणावर, कधी, कुठं. चौथा प्रश्न असतो, कोणी केला. त्याचं उत्तर मिळायला मला बरेच आठवडे लागले आणि मिळालं तेव्हा ते एसटी स्टँडवर वाटता येईल असं नव्हतं.

सहानुभूती नको. ज्या घरात एखादं माणूस थंडीभर शिंकतंय, शिट्टीसारखा श्वास घेतंय आणि घरचे "सर्दी हाय, जाईल" म्हणतायत, त्या घरासाठी हे लिहितेय. माझ्या घरचेही तसंच म्हणत होते.

भोगी

त्याआधीच्या दोन थंड्या मी शिंकत काढल्या होत्या. सकाळी उठल्याबरोबर डोळे चोळायचे, नाक लाल, घसा खाजरा. आई ओव्याची धुरी द्यायची. त्यानं छातीत आणखी कोंडायचं, पण तिला वाटायचं कफ सुटतोय.

भोगीला पाहुणे येणार म्हणून मी अंगण झाडायला घेतलं. आमच्या अंगणाला तिन्ही बाजूंनी हिरवीगार झाडं होती, एकमेकांना चिकटून, भिंतीसारखी. खाली बारीक भुसा पडलेला, पिवळट. मी तो खराट्यानं ओढला, वारा आला, भुसा उडाला. मग श्वास आत गेला आणि बाहेर येईना.

हे ज्याला झालेलं नाही त्याला सांगून कळत नाही. लोकांना वाटतं दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. मला सोडता येत नव्हता. छाती गच्च भरलेली, आणि भरलेल्या छातीत आणखी हवा कोंबायची धडपड. मी खराटा टाकून पायरीवर बसले. आईनं विचारलं, "काय गं, चक्कर आली का?" मला एक शब्द बोलता आला नाही. मी! जिच्या बोलण्याला तहसील कचेरीतले शिपाईसुद्धा वैतागतात.

शेजारच्या तात्यांनी गाडी काढली. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढं बसले आणि बारामती येईपर्यंत एकच वाक्य म्हणत राहिले, "तात्या, जरा दाबा की. दाबा की जरा."

"दमा म्हाताऱ्यांना हुतो"

दवाखान्यात तोंडाला मास्क लावला, त्यातून औषधाची वाफ. मशीन घरघरत होतं. हळूहळू आतली गाठ सैल झाली. मी पहिलं वाक्य बोलले ते, "मोबाईल कुठंय?" तेव्हा आई रडायला लागली. तोवर रडली नव्हती.

डॉक्टर बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "अ‍ॅलर्जीचा दमा आहे."

आई म्हणाली, "न्हाय न्हाय बाई. दमा म्हाताऱ्यांना हुतो. तिला सर्दीच हाय, जरा जुनी झालीय."

"मावशी, जुन्या सर्दीत ओठ निळे पडत नाहीत."

अण्णा भिंतीकडं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "पंप लागंल का?" आमच्याकडं पंप म्हणजे शेवट. ज्याला पंप लागला तो संपला, असा समज. डॉक्टरांनी पंप माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "चष्मा लागला की कुणी संपतं का? हा रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. हा दुसरा, धाप लागली तर. हा कायम जवळ ठेवायचा. जवळ म्हणजे कपाटात नाही."

वॉर्डात राहिले ते दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पहाटेची सुई. बोटाला लावलेला चिमटा आणि त्यावरचा लाल आकडा, ज्याच्याकडं आई देवाकडं बघावं तशी बघायची. माझ्या पलीकडं एक वयस्कर बाई होत्या. त्यांना दिवसभर बोलायला हवं असायचं, पण धापेमुळं अर्धं वाक्यच व्हायचं. त्या अर्धं बोलायच्या, मी उरलेलं पूर्ण करायची. एकदा त्या म्हणाल्या, "माझी सून..." आणि थांबल्या. मी म्हणाले, "चांगली आहे?" त्यांनी हातानं जोरात नाही म्हटलं. दोघी हसलो, दोघींना ढास लागली, सिस्टर ओरडली. त्या वॉर्डातलं तेवढं एक सुख.

भीती घरी आल्यावर सुरू झाली. झोपताना वाटायचं, झोपेत श्वास अडकला तर? आई माझ्या अंथरुणाशेजारी अंथरूण घालायची आणि मला झोप लागलीय असं समजून नाकासमोर हात धरून बघायची. मी जागी असायचे. तिला कळू दिलं नाही.

आरोपी शोधताना

मला गुन्हेगार पाहिजे होता. पहिल्यांदा मी उसाच्या पाचटाला, म्हणजे मागं उरलेल्या वाळक्या पाल्याला, धरलं. तोड झाली की आमच्याकडं रान पेटवतात आणि काळी काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसते. मी लगेच पत्रक लिहिलं. "पाचट जाळणाऱ्यांनो, तुमच्या नातवंडांच्या छातीचा विचार करा." ते पत्रक खोटं नव्हतं, आजही मी त्यावर ठाम आहे. तात्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ऋतू, बरुबर हाय तुझं. पण तुला भोगीला झालं, आन् आपल्या शिवारात तवर ऊसतोडीचा कोयतासुद्धा आला नव्हता. कुठलं पाचट पेटलं हुतं?"

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही.

थोडी सावरल्यावर डॉक्टरांनी हातावर चाचणी केली. वेगवेगळ्या परागांच्या अर्काचे थेंब ठेवायचे, टोचायचं, वाट बघायची. जिथं गांध उठली, लाल फुगवटा आला, तो तुमचा वैरी. माझ्या हातावर गाजर गवताची गांध उठली आणि एका साध्या गवताची. मला आनंद झाला. सापडला! पण डॉक्टर काही खूश दिसल्या नाहीत.

"गाजर गवत पावसाळ्यात माजतं. तुझा त्रास थंडीत. तेव्हा घराभोवती काय फुलतं?"

मी मोबाईलमधला फोटो दाखवला. दसऱ्याला ट्रॅक्टर पूजला तेव्हाचा. मागं आमची हिरवी भिंत.

त्यांनी तो फोटो दोन बोटांनी मोठा केला. "ही कोनोकार्पसची झाडं. याचा थेंब माझ्या पेटीत नाही, म्हणून मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण याची फुलं वाऱ्यावर जगणारी. पराग पिठासारखे बारीक, आणि झाडं तर तुमच्या उंबऱ्यापाशी. तू असं कर, थोडे दिवस दुसरीकडं राहा. औषध तेच, वेळ तीच. फक्त अंगण बदल."

मी बावड्याला मावशीकडं गेले. मावशीच्या दारात शेवगा, एक डाळिंब, जास्वंद आणि विहिरीकडं चिकू. उसाचं शिवार तिथंही होतं, पाचट तिथंही पेटत होतं आणि धुरानं खोकला यायचाच. पण सकाळी उठल्यावर शिंक नव्हती. मी जिना चढून गच्चीवर गेले आणि वर पोहोचल्यावर लक्षात आलं की मी मध्ये थांबले नव्हते. मावशीला हाक मारून सांगितलं. ती खालून म्हणाली, "मग आता वर गेलीच हायस तर कुरडया उलट."

घरी परत आले. तिसऱ्या सकाळी छातीत शिट्टी.

आबा

आता ते पत्रकात न बसणारं उत्तर.

माझे आजोबा, आबा, पाच वर्षांपूर्वी गेले. आमच्या भागात आता बऱ्याच घरांत राख नदीत सोडत नाहीत. सावडायच्या दिवशी ती शेतात नाहीतर अंगणात खड्ड्यात घालतात आणि वर झाड लावतात. मला ही रीत आवडते. पाणी घाण होत नाही, माणूस आपल्या मातीत राहतो. मी स्वतः तिच्या बाजूनं भाषण केलेलं आहे.

पण झाड कुठलं?

आमच्या गावात एक होतकरू पुढारी आहेत. नाव घेत नाही, घेतलं तर त्यांची जाहिरात होईल. कुणीही गेलं की सावडायला हे हजर, हातात रोप, मागं फोटो काढणारा. आबांच्या वेळीही आले. दुःखाच्या घरात रोपाची जात कोण विचारतं? अण्णांनी डोळे पुसत ते रोप घेतलं, आबांच्या राखेवर लावलं. आणि ते असं भराभर वाढलं की अण्णांना त्यात खूण दिसली. "बघ," ते आईला म्हणायचे, "आबांना घाई असायची ना सगळ्याची!"

मग अण्णांनी त्या झाडाच्या फांद्या छाटल्या. टाकवेनात. आबांच्या झाडाच्या फांद्या उकिरड्यावर कशा टाकायच्या? त्यांनी त्या ओल्या मातीत खोचल्या. एकूण एक जगली. अंगणाच्या तिन्ही बाजूंना. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा सांगायचे, "आमचं आबा तिन्ही बाजूनं राखण बसल्यात."

तर हे माझे आरोपी. माझे आजोबा, ज्यांनी मला सायकल शिकवली, त्यांच्या राखेवर उगवलेलं झाड आणि त्याची सगळी भावंडं. आणि राखणीला बसलेले ते, वारा सुटला की माझ्या नाकात.

मी अण्णांना सरळ सांगितलं. सरळ सांगणं हा माझा गुण आहे आणि घरात तो फारसा चालत नाही.

"अण्णा, झाडं काढावी लागतील."

ते जेवत होते. हात थांबला. "कुठली?"

"सगळी."

"आबांचं बी?"

"तेच पहिलं."

त्यांनी ताटात हात धुतला. अर्धी भाकरी तशीच. "डाक्टरीणबाईनी लिहून दिलंय का, ह्याच झाडानं हुतंय म्हणून?"

"लिहून नाही दिलं. त्यांच्याकडं तो थेंब नाही."

"मग? थेंब न्हाय, कागद न्हाय, आन् मी माझ्या बापावर कुऱ्हाड घालू?"

त्यानंतर अण्णा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागले. "मोटार बंद कर." "गेट लाव." आई मधल्या मध्ये सुकली. मी तिला म्हणाले, तू तरी बोल. ती म्हणाली, "तुला श्वास पायजे, त्यांना बाप पायजे. मी कुणाच्या बाजूनं बोलू?"

फोटोत काय दिसतं

मी पुढाऱ्यांकडं गेले. त्यांनी चहा मागवला, मी घेतला नाही.

"भाऊ, तुम्ही हेच झाड का वाटता?"

"अगं ताई, लई गुणी झाड हाय. शेळी तोंड लावत न्हाय, पाणी लागत न्हाय, वरीसभरात पुरुषभर."

"शेळी तोंड लावत नाही, यातच काय ते समजा."

ते हसले. मग म्हणाले, "ताई, खरं सांगू? पहिली दोन वर्षं मी चिंच वाटली. वर्षश्राद्धाला जाऊन बघावं तर निम्म्या जळालेल्या, उरलेल्या वीतभर. फोटो काय काढायचा? लोक म्हणत्यात, भाऊंची रोपं जगत न्हाईत. ह्याचं कसं, वर्षश्राद्धाला घरच्यांना बाजूला उभं केलं की मागं झाड दिसतं. घरच्यांना बी बरं वाटतं की."

ते खरं बोलत होते, म्हणून मला जास्त राग आला. लोकांना बरं वाटत होतंच. माझ्याच घरात वाटत होतं.

"तुमच्या स्वतःच्या दारात हे झाड आहे?"

"आमच्या दारात जागाच कुठंय? गाड्या लागत्यात."

शेजारच्या राज्यात हे झाड लावायला बंदी आहे, हे मी त्यांना मोबाईलवर दाखवलं. ते म्हणाले, "ते गुजरात झालं. आपल्याकडं हवा चांगली हाय."

डाळीचा डबा

हा भाग लिहू नकोस असं आईनं सांगितलं होतं. मग दोन दिवसांनी तीच म्हणाली, लिही.

होळीच्या आधी मला बघायला पाहुणे यायचे होते. मला तो कार्यक्रमच मान्य नव्हता, पण मामांनी ठरवलेला, आईचा शब्द गेलेला. त्या सकाळी आईनं माझा पंप लपवला. घरात पंप दिसला तर पोरीला दमा आहे हे कळेल आणि मग कुठलं स्थळ येणार, हा तिचा हिशेब. मला न सांगता तिनं तो तुरीच्या डाळीच्या डब्यात खाली दाबून ठेवला.

खुर्च्या अंगणात मांडल्या होत्या, सावली चांगली म्हणून. कुणाची सावली ते तुम्हाला कळलंच असेल. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले. मुलाच्या आईनं विचारलं, "काय शिकलीस बाळा?" मी "एम.ए." म्हणायला तोंड उघडलं, "एम" निघालं आणि "ए" निघेना.

मी घरात धावले. कपाटावर पंप नाही. पिशवीत नाही. उशीखाली नाही. मागून आई आली. तिचं तोंड बघितलं आणि मला कळलं. तिनं डबा उचलला, झाकण निघेना, मग तिनं तो जमिनीवर आपटला. घरभर तूरडाळ. त्या डाळीत ती गुडघ्यावर बसून हातांनी चाचपडत होती आणि "देवा, देवा" म्हणत होती. पंप सापडला. तोंडात डाळीचे दोन दाणे गेले. श्वास सुटला.

बाहेर मुलाचे वडील विचारत होते, "काय झालं हो?"

आई दारात जाऊन उभी राहिली. पदराला डाळ चिकटलेली. म्हणाली, "माझ्या लेकीला दमा हाय. मी लपवत हुते. तुमाला पटत असंल तर बसा, न्हायतर पोहे खाऊन जावा."

ते पोहे खाऊन गेले.

त्या दिवसापासून पंप देव्हाऱ्याशेजारी सगळ्यांना दिसेल असा असतो. येणारे विचारतात, आई सांगते. अण्णा त्या दिवशी अंगणात खुर्च्या गोळा करत होते. शेवटची खुर्ची हातात घेऊन बराच वेळ झाडांकडं बघत उभे होते.

ओवाळणी

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. गाजर गवताच्या दिवसांत मी फुलं धरायच्या आत रोज सकाळी घरामागचं गवत उपटायला लावलं. मास्क लावून, हातमोजे घालून, आणि ते काम माझ्याऐवजी आई करायची. बरी होते मी. पण दिवाळी जवळ आली तशी माझी तगमग सुरू झाली. रोज अंगणात जाऊन फांद्यांचे शेंडे बघायचे. एके दिवशी तिथं बारीक हिरव्या गाठी दिसल्या. कळ्या. आता फुलणार. आता पुन्हा तेच. बावड्याला कायमचं जायचं का? पोटच्या पोरीनं घर सोडायचं आणि झाडानं राहायचं?

भाऊबीजेला आत्या आली. सुमन आत्या, अण्णांची धाकटी बहीण, लोणी भापकरला दिलेली. आबांची लाडकी. मी तिला काही सांगितलं नव्हतं. आईनं सांगितलं असणार.

पाट मांडला, अण्णा बसले, आत्यानं ओवाळलं. अण्णांनी खिशात हात घातला. आत्या ताट खाली ठेवेना.

"दादा, पैसं नको. साडी बी नको."

"मग काय पायजे?"

"झाडं पायजेत."

अण्णांनी आईकडं बघितलं, आईनं छताकडं.

"सुमे, सणाचं ताट खाली ठेव."

"आधी शब्द दे. हात अवघडला माझा."

"आबांचं हाय ते."

"माझं कोण हुतं? शेजारी हुतं?" आत्याचा आवाज चढला. "आबांनी ह्या पोरीला तापात खांद्यावर घिऊन दवाखाना गाठलाय. तू पाणी धरायला गेला हुतास. त्यांना जर कुणी सांगितलं असतं की बाबा, तुझ्या नावाच्या झाडानं नातीची छाती भरतीया, तर त्यांनी कुऱ्हाडीची वाट बघितली असती व्हय? हातानं उपटलं असतं."

निरांजनाची वात तडतडली.

अण्णा हळू म्हणाले, "कडंची घे. सगळी घे. खड्ड्यावरचं राहू दे."

"मी अर्ध्या भावाला ओवाळलं व्हय?"

मला हसू आलं. अशा वेळी हसू येणं किती वाईट! पण आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि अण्णाही, मी शपथेवर सांगते, ओठ दाबून हसू आवरत होते. मग ते आवरलं नाही आणि त्याचं रडणं झालं.

"मुळं न्हाय काढणार," ते म्हणाले. "मुळं त्यांना धरून बसल्यात."

"मुळं राहू दे तुला," आत्या म्हणाली. "वरचं मला दे." आणि ताट खाली ठेवलं.

नंतर

तोडताना मी तिथं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आत्या मला लोणीला घेऊन गेली. आईनं फोनवर सांगितलं ते एवढंच: कडेची झाडं तात्या आणि गड्यांनी काढली, खड्ड्यावरचं अण्णांनी एकट्यानं. आधी हळदकुंकू वाहिलं. मग तोडलं. मग संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत.

मी परतले तेव्हा अंगण उघडंबोडकं. रस्त्यावरून थेट घरात दिसायचं. आईला लाज वाटायची. मला पहिल्यांदा आमच्या अंगणातून गावाची टाकी दिसली.

आता संक्रांत होऊन गेली आहे. मी घरी आहे, अंथुर्ण्यातच. बरी झाले का? नाही. रोजचा पंप सुरू आहे आणि डॉक्टर सांगतील तोवर राहील. रस्त्याच्या दुभाजकावर तीच झाडं आहेत, तिथून जाताना तोंड बांधते. कपडे घरात वाळवते, बाहेरून आलं की आधी तोंड धुते. एकदा धाप लागलीही, पण पंपानं भागलं. बारामतीला पळावं लागलं नाही. झाडं गेल्यामुळं की औषधामुळं, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दोन्हींमुळं, असं डॉक्टर म्हणतात, आणि त्या माझ्यापेक्षा कमी बोलतात म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

कडेला आता शेवगा आणि सीताफळ लावलंय, गेटजवळ जास्वंद. डॉक्टरांनी साधी खूण सांगितली: ज्या फुलावर मधमाशी येते, त्याचे पराग बहुधा जड, चिकट असतात, फार उडत नाहीत. जे फूल दिसतही नाही आणि वाऱ्यावर धूळ सोडतं, ते उंबऱ्यापासून लांब ठेवा. प्रत्येकाचा वैरी वेगळा, तुमचा तुमच्या डॉक्टरांकडून शोधा. आणि हे वाचून कुऱ्हाड घेऊन दिसेल त्या झाडाकडं धावू नका. मी झाडांच्या विरुद्ध नाही. न विचारता लावलेल्या झाडाच्या विरुद्ध आहे.

खड्ड्यावरचं खोड अजून तिथंच आहे. ते झाड हट्टी, तोडलं तरी फुटतं. रोज त्याला नवे कोंब येतात. अण्णा सकाळी चहाच्या आधी उठतात, त्या खोडापाशी उकिडवे बसतात आणि एकेक कोंब बोटांनी मोडतात. कुणाला करू देत नाहीत. काहीतरी पुटपुटत असतात. एकदा मी दारातून ऐकलं. ते आबांना पाटाच्या पाण्याची पाळी कधी आहे ते सांगत होते. कालच म्हणाले, "पाऊस पडला की बाजूला चिंच लावू. दिसंना का फोटोत." माझ्याशी बोलले. कामापुरतं नाही.

आता तुमचं.

तुमच्या घरात कुणीतरी जाईल. माझ्याही जाईल, ते कुणाला चुकलेलं नाही. सावडायच्या दिवशी कुणीतरी हातात रोप घेऊन दारात उभं राहील, मागं कॅमेरा असेल, तुमचे डोळे भरलेले असतील आणि नाही म्हणायला जीभ उचलणार नाही. त्या दिवशी न लाजता, चारचौघांदेखत तीन गोष्टी विचारा. याचं नाव काय? याला फुलं कधी येतात? ती फुलली की त्यांची धूळ कुणाच्या छातीत जाणार?

उत्तर मिळेपर्यंत खड्डा बुजवू नका.